लेकरू परदेशात तापलंय अन् डॉक्टर औषधच देईनात

माझ्याकडं लातूरला येणाऱ्या बऱ्याच आयांचा हल्ली हाच प्रश्न असतो, लेक नाहीतर सून परदेशात, नातवंड आजारी पडलं तरी तिथले डॉक्टर काही देत नाहीत, आम्ही इथून काय करायचं? एका काकूंचं सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

काकू परभणीकडच्या, लेक-जावई नेदरलँड्सला. बाळंतपणाला जायचं ठरलं होतं पण व्हिसा वेळेत झाला नाही. लेक बाळंत होऊन त्याच दिवशी घरी आली हे ऐकून काकूंना रडूच कोसळलं, आपल्याकडं सव्वा महिना बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत अन् तिथं असं! पण तिथं सगळं सुरळीत असेल तर काही तासांतच घरी सोडतात आणि मग साधारण आठ दिवस एक ट्रेनिंग घेतलेली बाई घरी येते, टाके बघते, बाळाला अंगावर नीट पाजायला शिकवते, घरातलंही थोडं आवरते. हे काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढं बाळ आठ महिन्यांचं असताना ३९ सेल्सिअस ताप आला. लेकीनं फॅमिली डॉक्टरकडं फोन केला तर तिथल्या असिस्टंटनं चार प्रश्न विचारून पॅरासिटामॉल द्या, पाजत रहा म्हणून सांगितलं. काकू मला म्हणाल्या, "माय, लेकरू फणफणायलंय अन् हे म्हणायलेत वाट बघा, असं कुठं असतंय का?" इथून अँटिबायोटिकची बाटली कुणाच्या तरी हाती पाठवायची तयारी चालली होती, आणि लेकीनं कंटाळून फोन उचलणंच बंद केलं होतं.

मी काकूंना एवढंच विचारलं की तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते? बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या, मग म्हणाल्या की माझा पहिला पोरगा तापातच गेला, गावात डॉक्टर नव्हता, तालुक्याला नेईपर्यंत संपलं सगळं. लेकीला भाऊ होऊन गेला एवढंच माहीत होतं, कसा गेला ते नाही. पुढच्या वेळी व्हिडिओ कॉलवर काकूंनी ते स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तेव्हा आई एवढी का घाबरते ते लेकीला पहिल्यांदा कळलं.

औषधाचं म्हणाल तर लहान मुलांचे बरेचसे ताप व्हायरसचे असतात आणि त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, त्यामुळं तिथले डॉक्टर हयगय करतात असं समजू नका. काकूंना मी म्हटलं, औषध दिलं का हे विचारायचं सोडा, दूध पितंय का, लघवी होतीय का, हाक मारली की बघतंय का हे विचारा. तिथली असिस्टंटही साधारण हेच विचारते. मात्र बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ सेल्सिअस किंवा वर गेला तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. श्वास घ्यायला त्रास, झटका, उठवूनही जागं न होणं, दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे डाग, यातलं काहीही दिसलं तर लेकीनं सरळ तिथल्या ११२ या इमर्जन्सी नंबरला फोन करायचा, रात्र असली तरी.

आता मायलेकी रोज बोलतात. गुटीवरून मात्र अजून जुंपते आणि त्यात मी लेकीच्या बाजूनं आहे, सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि वर्षाच्या आत मध बोटभरसुद्धा नाही, हे काकूंना तोंडावर सांगितलंय.