नारळीकर वाचून झाले, आता यूट्यूबवर काय बघू?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, मराठी मीडियम. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा लायब्ररीतून आणून त्याने संपवल्या, आता स्वतःही वहीत गोष्टी लिहितो. त्याला अशा लेखकांच्या मुलाखती आणि चांगले सायन्सचे व्हिडिओ दाखवायचेत, पण सर्च केलं की 'एलियन सापडले', 'नासाने लपवलं' असलंच काहीतरी वर येतं. काय बघू द्यावं?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, आधी एक सांगते, मुलाखत वेगळी आणि सायन्सचा व्हिडिओ वेगळा असं करू नका. जोडी लावा. लेखक एखाद्या गोष्टीबद्दल बोलला की लगेच त्याच गोष्टीवरचा व्हिडिओ बघायचा, म्हणजे कल्पना कुठे संपते आणि खरं काय आहे हे पोराला आपोआप कळायला लागतं, आणि गोष्टी लिहिणाऱ्या मुलाला हेच तर हवं असतं.

सुरुवात ब्रिटिश विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्कपासून करा. १९६४ सालची बीबीसीवरची त्यांची छोटी क्लिप सहज सापडते, ब्लॅक अँड व्हाइट आहे. त्यात ते म्हणतात की पन्नासेक वर्षांत माणूस लंडनमध्ये बसून करतो तोच धंदा ताहिती किंवा बालीला बसून करू शकेल, आणि एडिनबरातला सर्जन न्यूझीलंडमधल्या पेशंटच्या मेंदूचं ऑपरेशन करेल. १९६४ ला हे बोलणं म्हणजे बघा! पण त्याच बोलण्यात शहरं लागणारच नाहीत, माणसं कामासाठी रोजचा प्रवास करणार नाहीत असंही येतं, आणि ते काही झालं नाही. दोन्ही दाखवा. मग मुलाला सांगा की ह्याच माणसाने १९४५ साली एका रेडिओच्या मासिकात लेख लिहिला होता, की विषुववृत्तावर जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल आणि खालून बघणाऱ्याला एकाच जागी दिसेल. आता गच्चीवर जाऊन डिश टीव्हीची छत्री कुठे तोंड करून आहे ते बघायला लावा. दक्षिणेच्या बाजूला झुकलेली असेल, कारण विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे, आणि ती एकदा फिट केली की रोज फिरवावी लागत नाही ते ह्याच हिशोबामुळे. त्यानंतर इस्रोच्या चॅनेलवर जीएसएलव्हीचं, म्हणजे असे उपग्रह वर नेणाऱ्या रॉकेटचं, एखादं लाँच लावा, तो वेगळ्याच नजरेने बघेल.

दुसरी जोडी मला स्वतःला फार आवडते. अँडी वेअर, ज्यांच्या कादंबरीवर मंगळावर अडकलेल्या माणसाचा 'द मार्शियन' सिनेमा आला. कादंबरी त्यांनी आधी स्वतःच्या वेबसाइटवर एकेक प्रकरण करून फुकट टाकली होती. मुलाखतींमध्ये ते सरळ सांगतात की सुरुवातीचं ते धुळीचं वादळ, ज्याने यान कलंडायची वेळ येते, ते खरं होऊच शकत नाही, मंगळावरची हवा त्यासाठी फारच विरळ आहे, पण गोष्टीसाठी त्यांना तसंच हवं होतं. हे ऐकून झालं की नासाचा मंगळावर उडालेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरचा व्हिडिओ लावा, १९ एप्रिल २०२१ चं पहिलं उड्डाण. वजन फक्त १.८ किलो, आणि तेवढं उचलायला सव्वा मीटरच्या आसपासची पाती मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास वेळा फिरवावी लागली, कारण तिथे हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी आहे. 'हवा विरळ आहे' हे वाक्य पुस्तकात वाचणं आणि त्या पात्यांची धडपड बघणं ह्यात खूप फरक आहे हो.

नारळीकरांच्या मराठी मुलाखती तर बघाच, २०२५ च्या मे मध्ये ते गेले पण त्यांचं ते शांत, एकही शब्द जास्त न वापरता बोलणं रेकॉर्ड होऊन राहिलंय. 'कृष्णविवर' (म्हणजे ब्लॅक होल) ही कथा त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप ह्या नावाने पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे नाव बघून कोणी नंबर देऊ नये. पहिला नंबर आला. आणि १९७५ ला तुमच्या कराडच्याच साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथांची दखल घेतली, हे त्याला नक्की सांगा. ह्याच्या जोडीला एप्रिल २०१९ मध्ये आलेला एम८७ ह्या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा पहिला फोटो, साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांबचा. तो फोटो कसा दिसणार आणि त्यातली उजेडाची कडी तशी का, हे व्हेरिटासियम चॅनेलवाल्याने फोटो जाहीर व्हायच्या आधीच व्हिडिओ करून समजावलं होतं.

सायन्सच्या बाजूने अजून दोनच नावं देते, जास्त दिली तर काहीच बघून होत नाही. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन १९८३ मध्ये बीबीसीसाठी नुसते खुर्चीत बसून बोलले, ना ग्राफिक्स ना म्युझिक, त्यातला रबरबँडचा भाग बघा आणि घरी करा, रबर ताणून लगेच ओठाला लावलं की कोमट लागतं, सैल सोडलं की गार. आणि अरविंद गुप्तांचे कचऱ्यातून खेळणी करायचे व्हिडिओ, मराठीतही आहेत.

तो लिहितो म्हणालात म्हणून अमेरिकन विज्ञानकथालेखक रे ब्रॅडबरी. २००१ साली त्यांनी कॅलिफोर्नियात एक भाषण दिलं, पूर्ण आहे ऑनलाइन, त्यात नव्या लिहिणाऱ्यांना सांगतात की वर्षभर दर आठवड्याला एक लघुकथा लिहा, सलग ५२ कथा वाईट लिहिणं शक्यच नाही. मला हा सल्ला कादंबरीने सुरुवात करण्यापेक्षा शंभरपट बरा वाटतो.

'लपवलं' वाल्या व्हिडिओंसाठी त्याला एकच गोष्ट विचारायला शिकवा : हे कोणी, कुठल्या दुर्बिणीतून किंवा कुठल्या यानातून बघितलं? व्हिडिओत त्याचं उत्तर नसेल तर बंद. तसल्या व्हिडिओच्या शेजारच्या तीन टिंबांवर जाऊन 'हे चॅनेल सुचवू नका' हा ऑप्शन दाबत राहा, हळूहळू कमी होतात. इंग्रजीची अडचण वाटली तर स्पीड ०.७५ करा आणि इंग्रजी सबटायटल लावा, आपोआप होणारं मराठी भाषांतर शास्त्रीय शब्दांना फार गडबडतं, त्यापेक्षा पॉज करून तुम्ही दोघांनी मिळून अर्थ लावलेला चांगला.