आगळ की अमृत कोकम? आधी बाटली ओळख

अगं, पहिलं म्हणजे आगळ नि अमृत कोकम शेजारी शेजारी ठेवू नकोस, दोन्ही लालभडक, चिठ्ठी नसली की कळतच नाही. आगळ म्हणजे कोकमाचा मिठातला रस, त्यात साखरेचा कण नाही, तो सोलकढीला. अमृत कोकम म्हणजे पिकल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली साखरेत घालून उन्हात ठेवायच्या, साखर रस ओढून घेते नि आपोआप पाक सुटतो, पाणी अजिबात घालायचं नाही. मी पहिल्या वर्षी पाहुण्यांना आगळाचंच सरबत दिलेलं, एका घोटात सगळ्यांची तोंडं वाकडी, आत्ये अजून टोमणे मारते.

साखर साधी दाणेदारच, सालीच्या वजनाच्या दुप्पट. पिठीसाखरेत कधीकधी कॉर्नफ्लॉर असतं, पाक गढूळ दिसतो. गूळ नि काकवीने चव बरी लागते पण रंग काळपट.

आणि हो, टिकवायला पावडर घालणार असशील तर केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) नको हां, ते आंब्याच्या पल्पला ठीक, कोकमाचा लाल रंग उडवतं. इथे सोडियम बेन्झोएट, तेही पाकिटावरच्या मापाने काट्यावर तोलून, चमच्याने अंदाजपंचे नाही.