उसावरील खवले कीड : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आडसाली उसाचे पाचट काढताना कांड्यांवर राख फासल्यासारखा करडा-काळसर थर दिसला. ही बुरशी आहे की कीड? (फलटण)

उत्तर : वर्णनावरून ही खवले कीड दिसते; खात्री मात्र आपल्याला बांधावरच करता येईल. थराच्या कडेला टाचणीचे टोक घालून एक ठिपका हलकेच उचकटावा. बुरशी असेल तर ती भुकटीसारखी बोटाला लागते. खवले असेल तर ते झाकणासारखे अख्खे सुटते आणि त्याखाली पिवळसर, मऊ, बिनपायांचा जीव दिसतो. टाचणीने दाबला की ओल उमटते. वरून दिसणारा ठिपका म्हणजे कीड नव्हे, ते तिचे घर आहे. अंगातून स्रवणारे मेण आणि टाकलेल्या काती एकमेकांत गुंफून ती ते बांधते. मादीचे खवले गोलसर व गडद असते, तर नराचे लहान आणि लांबट. मेलानॅस्पिस ग्लोमेराटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या किडीचे शास्त्रीय वर्णन ग्रीन यांनी १९०३ मध्ये केले.

फार लागण झालेला ऊस उभा चिरल्यास आत तांबूस-तपकिरी दिसतो आणि शेतकरी तो लाल कूज रोग समजून घाबरतात. लाल कूज असेल तर तांबड्या गरात आडवे पांढरे पट्टे दिसतात आणि आंबूस वास येतो. खवले किडीत ही दोन्ही लक्षणे नसतात.

प्रश्न : मादीला पायच नाहीत, तर ती शेजारच्या फडातून आमच्या उसात आली कशी? (बारामती)

उत्तर : पाय नसतात हे खरे, पण ते जन्मापासून नसतात असे नाही. मादी उघड्यावर अंडी घालत नाही; गर्भाची वाढ तिच्या शरीरातच पूर्ण होते आणि खवल्याच्या कडेखालून पिवळी, धुळीच्या कणाएवढी पिल्ले बाहेर पडतात. त्यांना सहा पाय असतात आणि चालण्याची मुभा आयुष्यात एवढ्याच वेळेपुरती. कोवळ्या कांड्यावर, पानाच्या देठाने झाकलेली जागा सापडली की पिल्लू आपली केसासारखी सोंड उसात खुपसते आणि तेथेच स्थिरावते. पहिली कात टाकताना पायही जातात. पुढे मादी आणखी एकदा कात टाकून प्रौढ होते आणि मरेपर्यंत जागा सोडत नाही. नराचा मार्ग निराळा आहे. तो खवल्याखाली कोषासारख्या अवस्थेतून जातो, पंखांची एकच जोडी घेऊन बाहेर येतो आणि तोंडाचे अवयवच नसल्याने काही न खाता, मादीशी मीलन करून थोड्याच काळात मरतो.

फडातून फडात जाते ती चालणारी पिल्लेच. वारा, मजुरांचे कपडे आणि तोडलेल्या उसाची वाहतूक यांनी ती पसरतात. मात्र दूरच्या गावात कीड पोहोचते ती बहुतेक वेळा बेण्यातूनच, म्हणजे लागणीसाठी आणलेल्या उसाच्या तुकड्यांतूनच (टिपऱ्यांतून), असे माझे मत आहे. बेण्याच्या टिपरीवर बसलेली मादी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. उष्ण हवेत महिना-दीड महिन्यात नवी पिढी तयार होते. आडसाली ऊस दीड वर्षापर्यंत शेतात उभा राहत असल्याने तिला त्यात मोकळे रान मिळते.

प्रश्न : पाचटाखाली गुलाबी कीड आहे, मुंग्याही आहेत. हीच ती कीड का? (कागल)

उत्तर : नाही, तो उसावरील पिठ्या ढेकूण. तो गोड चिकटा सोडतो म्हणून मुंग्या येतात. खवले कीड चिकटा सोडत नाही, त्यामुळे तिच्यामुळे मुंग्या लागत नाहीत आणि पाने काळीही पडत नाहीत.

प्रश्न : दोन फवारण्या केल्या, तरी थर जसाच्या तसा आहे. औषध भेसळीचे असेल का? (श्रीगोंदा)

उत्तर : औषधाला दोष देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, फवारणी पाचट न काढता केली होती का? तसे असल्यास औषध पानांवरच राहिले, कांड्यापर्यंत पोहोचलेच नाही. दुसरी, कीड मेली तरी खवले गळून पडत नाही, म्हणून नुसता थर पाहून निष्कर्ष काढू नये. वेगवेगळ्या उसांवरची वीस-पंचवीस खवली उचकटून खाली ओलसर पिवळा जीव आहे की वाळलेले तपकिरी साल, हे मोजावे. पूर्ण वाढलेल्या खवल्याला फवारणी फारशी बाधत नाही. नुकती बसलेली, मेणाचे कवच न चढलेली पिल्लेच तिला बळी पडतात. यासाठी लागणीपासून पाचव्या आणि सातव्या महिन्यात वाळलेले पाचट काढून कांडी उघडी करणे, हा मला फवारणीपेक्षा भरवशाचा उपाय वाटतो.

पुढील लागणीसाठी या फडातले बेणे घेऊ नये आणि खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच खुंटातून फुटणारे पीकही, राखू नये. निरोगी मळ्यातील टिपऱ्या शिफारस केलेल्या कीटकनाशकाच्या द्रावणात १० ते १५ मिनिटे बुडवून मगच लावाव्यात.

प्रश्न : लागण झालेल्या उसावर काळेभोर, चकचकीत, अर्ध्या मुगाएवढे भुंगेरे फिरतात. तेही मारावेत का? (माळशिरस)

उत्तर : कृपया मारू नयेत. तो बहुधा चिलोकोरस निग्रिटस, म्हणजे खवले किडींवर जगणारा ढालकिडा आहे. याच भुंगेऱ्याला नारळावरील खवले किडीसाठी भारतातून १९३८ मध्ये सेशेल्स बेटांवर नेण्यात आले होते. त्याच्या अळ्या काटेरी दिसतात, म्हणून त्याही नवी कीड समजून मारल्या जातात. काही खवल्यांवर बारीक गोल छिद्र दिसल्यास त्यातून परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडलेली असते. अशी छिद्रे आणि हे भुंगेरे मुबलक असतील, तर फवारणी आठवडाभर लांबवून पुन्हा खवली उचकटून पाहावीत.