टर्बोचं वेड ठीक, पण पुढे काय?

सेलूहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, मॅथ्सची एक केटी, म्हणजे तो विषय राहिलाय. पेट्रोल गाड्यांच्या व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोवरच काम करायचं म्हणून हटून बसलाय. भावकीतले म्हणतात, आता विजेच्या गाड्या आल्या, त्याला कॉम्प्युटरला घाला.

भाऊ, पोराने धरलेला विषय साधासुधा नाही. इंजिनातून निघालेल्या गरम वायूवर, म्हणजे एक्झॉस्टवर, टर्बोचं चाक फिरतं आणि इंजिनात जास्त हवा ढकलली जाते. या प्रकारात चाकाभोवती हलत्या पाकळ्या असतात. इंजिन सावकाश चालताना त्या मिटतात, वाट अरुंद होते, वायू जोरात आदळतो आणि गाडी लवकर ताकद धरते. वेग वाढला की पाकळ्या उघडतात. डिझेलमध्ये हे सर्रास आहे, स्कॉर्पिओच्या एमहॉक इंजिनातसुद्धा. पेट्रोलमध्ये घोडं अडतं ते उष्णतेवर. डिझेलचा एक्झॉस्ट साधारण 850 अंशांपर्यंत जातो, जोरात पळणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा 1000 च्या आसपास. एवढ्या तापात धातू फुगतो, वाकतो आणि पाकळी अडकते. पोर्शेने 2006 च्या 911 टर्बोत बोर्गवॉर्नर या टर्बो बनवणाऱ्या कंपनीसोबत उष्णता झेलणारे मिश्रधातू वापरून हे जमवलं. पुढे फोक्सवॅगनने 1.5 टीएसआयमध्ये उलटी वाट धरली. मिलर सायकल, म्हणजे हवेची झडप लवकर मिटवायची पद्धत, वापरून एक्झॉस्टच 880 अंशांपर्यंत रोखला.

सुट्टीत त्याला जिंतूर रोडच्या नाहीतर परभणीच्या एखाद्या डिझेल मिस्त्रीकडे आठवडाभर बसवा. काजळीने जाम झालेला टर्बो खोलताना बघू द्या. पाकळ्या नेमक्या का अडकल्या हे घरी येऊन वहीत आकृती काढून सांगता आलं, तर पोरगं खरंच या वाटेचं आहे. नुसते गाडीच्या आवाजाचे व्हिडिओ दाखवत बसला, तर मग भावकीचं ऐका.

विजेच्या गाड्यांची भीती अगदीच खोटी नाही. पोर्शेनेच 2024 च्या 911 जीटीएस हायब्रिडमध्ये टर्बोला विजेची मोटर जोडली. म्हणून एकाच पार्टवर आयुष्य बांधू नये. थर्मल आणि मटेरिअल्स, म्हणजे उष्णतेचा आणि धातूंचा अभ्यास, पक्के करायला सांगा. तापलेल्या, गरगर फिरणाऱ्या धातूचं ज्ञान वीजकेंद्राच्या टर्बाइनला लागतं, विमानाच्या इंजिनालाही लागतं. डिझाइनचं काम मात्र बहुतेक पुण्याकडे. संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा एमआयडीसीत जास्त करून उत्पादन चालतं, हे त्याला आत्ताच माहीत असू द्या.

‘ऑटोमोबाइल’ची पाटी बघून खासगी कॉलेजात कापसाचे पैसे ओतू नका. नांदेडचं एसजीजीएस किंवा संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, तिथे साधं मेकॅनिकल घेतलं तरी भागतं. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे डायरेक्ट सेकंड इयरला, सीईटी नसते, डिप्लोमाच्या मार्कांवर नंबर लागतो आणि या कॉलेजांत चढाओढ मोठी असते. तेव्हा टर्बो जरा बाजूला, या उन्हाळ्यात आधी ती मॅथ्सची केटी काढायला लावा.