बिट्टू क्लासमध्ये सुसाट आणि ट्रायलला मात्र चालत का जातो (छोट्या कुत्र्यांना ट्रायल्सना नेणाऱ्यांसाठी)

ताई, तुमचा प्रश्न वाचला. साडेतीन किलोचा तुमचा बिट्टू (पॅपिलॉन, एक चिमुकली जात), ॲजिलिटीच्या (कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीच्या) क्लासमध्ये सुसाट, पण दोन्ही ट्रायल्सना, म्हणजे स्पर्धांना, अर्धा कोर्स चालत गेला, सीसॉवर (मधोमध टेकू असलेल्या झुलत्या फळीवर) मधेच थांबला, आणि आता प्रवास करून लांबच्या ट्रायलला न्यावं की नाही हे कळत नाहीये. तुमच्या प्रश्नावर एकाने लिहिलंय की तो हट्टीपणा करतोय, जरा कडक व्हा. मला हे अजिबात पटलेलं नाही. मी बरीच वर्षं छोट्याच कुत्र्यांबरोबर पळतेय, आणि घरी पळणारं छोटं कुत्रं ट्रायलला चालायला लागलं तर दहातल्या नऊ वेळा कारण रिंगच्या बाहेर असतं. त्याला थंडी वाजत असते, ओलं गवत पोटाला लागत असतं, शेजारच्या क्रेटमधला (पिंजऱ्यातला) मोठा कुत्रा सकाळपासून भुंकत असतो, नाहीतर तो तीन तास जागाच राहून दमलेला असतो. आपण बघतो ते फक्त रिंगमधलं अर्धं-पाऊण मिनिट आणि त्यावरून ठरवतो की मूड नाही.

छोट्या शरीराची गरमी लवकर निघून जाते, वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ जास्त ना. बॉर्डर कोलीला सकाळचं दव लागतं ते पायांना, आपल्या पोरांचं पोट आणि छाती भिजते. माझी चिंगी ओल्या गवतावर उतरवली की आधी एक पुढचा पाय उचलते, कान मागे घेते आणि माझ्याकडे बघत राहते, आणि तो उचललेला पाय दिसला की मला कळतं की आत्ता पळायला सांगून उपयोग नाही. म्हणून तिला रनच्या आधी अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत कोट असतो, बसायला जाड मॅट असते, आणि बरोबर तीन-चार कोरडे टॉवेल. इनडोअर असेल तर बऱ्याचदा घोड्यांच्या अरीनामध्ये मातीवर ट्रायल असते, ती माती खोल आणि भुसभुशीत असेल तर मोठ्या कुत्र्याला फारसा फरक पडत नाही पण छोट्याचे पाय रुततात आणि वेग पडतो. अशा जमिनीवर क्लासमधल्या टायमिंगची अपेक्षाच ठेवू नका.

मोठ्या कुत्र्यांबद्दल जरा स्पष्ट लिहिते. रिंगच्या गेटपाशी दहा-बारा कुत्री असतात, सगळी चार्ज झालेली, आणि समोरून काहीतरी चिमुकलं सुसाट पळत गेलं की चांगल्या स्वभावाच्या कुत्र्यालाही झेप घ्यावीशी वाटते. एकदा जरी कुणी बिट्टूवर झेपावलं असेल, अगदी चावलं नसेल तरी, तर तो पुढचे कित्येक महिने गेटजवळ आला की लहान होऊन चालेल. तुमच्या पहिल्या ट्रायलला असं काही झालं होतं का ते जरा आठवून बघा. क्रेट गेटपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब लावायचा, तीन बाजूंनी झाकायचा, गर्दीतून जाताना उचलून न्यायचं, आणि समोरच्याला सरळ सांगायचं की तुमचा कुत्रा जरा मागे घ्या, यात लाजायचं काही नाही. रन संपला की लगेच लीश लावायची, रेंगाळायचं नाही, कारण बाहेर पडतानाची गर्दी आत जाण्यापेक्षा वाईट असते.

पण उचलून नेण्यात एक गडबड होते, लोक क्रेटमधून उचलतात आणि थेट स्टार्ट लाइनवर ठेवतात. स्नायू थंड, डोकं झोपेत, आणि समोर पहिली जंप! किमान पाच-दहा मिनिटं त्याच्या स्वतःच्या पायांवर चालणं, मग थोडं ट्रॉट (दुडकी चाल), दोन्ही बाजूंना गिरक्या, प्रॅक्टिस जंपवर बार खाली ठेवून तीन-चार उड्या, एवढं हवंच.

इथे हाइटचा (उंचीच्या गटांचा) क्रम बघायचा असतो. काही ट्रायल्समध्ये छोटे आधी पळतात, काहींमध्ये मोठे आधी, शेड्यूलमध्ये लिहिलेलं असतं पण नवीन लोक वाचतच नाहीत. छोटे आधी असतील तर वॉकथ्रू (आपण कुत्र्याशिवाय कोर्स चालून बघतो तो) संपला की काही मिनिटांत तुमचा नंबर, म्हणजे वार्म-अप वॉकथ्रूच्या आधीच उरकून घ्यायचा आणि कोणालातरी त्याला धरायला सांगायचं. छोटे शेवटी असतील तर उलटं, तासन् तास थांबायचं असतं आणि जमीनही तोवर उकरलेली असते. त्या वेळात त्याला मांडीवर घेऊन रिंगसमोर बसायचा मोह होतो (सगळे तेच करतात, गोड दिसतं), पण तो प्रत्येक कुत्र्याचा रन बघून उत्तेजित होतो आणि स्वतःच्या नंबरापर्यंत संपलेला असतो. झाकलेल्या क्रेटमध्ये झोपू द्या.

आता सीसॉ. यावर जास्त लिहिते कारण मला वाटतं बिट्टूचा निम्मा प्रॉब्लेम इथे आहे. एफसीआयच्या (आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या) नियमात सीसॉ तपासायची पद्धत अशी की खाली जाणाऱ्या बाजूच्या कॉन्टॅक्ट झोनच्या (टोकाकडच्या रंगवलेल्या भागाच्या) मध्यावर एक किलो वजन ठेवलं की फळी काही सेकंदांत जमिनीला टेकली पाहिजे. तुमचा कुत्रा साडेतीन किलोचा आहे, म्हणजे फळी हलायला वजन पुरेसं आहे, पण ते वजन मधल्या खिळीपासून लांब गेलं तरच. खिळीच्या एक पाऊल पुढे जाऊन थांबला तर फळी हलते न हलते अशी लोंबकळत राहते, आणि ती अधांतरी अवस्थाच त्याला घाबरवते. वीस किलोचा कुत्रा तिथे थांबला तरी फळी खाली जाते, म्हणून मोठ्या कुत्र्यांचे ट्रेनर 'मध्यावर सावकाश' शिकवतात आणि आपल्याला तेच शिकवून मोकळे होतात. छोट्याला शिकवायचं ते उलट, न थांबता शेवटच्या टोकापर्यंत पळत जायचं आणि तिथे चारही पाय रोवून फळीबरोबर खाली यायचं. सुरुवातीला टोकाखाली टेबल किंवा उशा ठेवून फळी फक्त तीन-चार इंच पडेल असं करा, टोकाला गेला की तिथेच ट्रीट, मग हळूहळू पडायचं अंतर वाढवा. आवाजाची सवय वेगळी करा, त्याने स्वतः पंजाने टोक खाली दाबून धाडकन आवाज काढायचा आणि त्याचं बक्षीस मिळवायचं, हा खेळ त्यांना आवडतो. आणि प्रत्येक ठिकाणचा सीसॉ वेगळा असतो, एक झटकन पडतो, एक आळशी असतो, कुठे रबर असतं कुठे नाही, म्हणून जमेल तेवढ्या वेगवेगळ्या सीसॉंवर प्रॅक्टिस करा. एकाच सीसॉवर शंभर वेळा करून ते भागत नाही.

बाकी कॉन्टॅक्टमध्ये (चढून उतरायच्या अडथळ्यांवर) आपलं बरं असतं. एफसीआयमध्ये ए-फ्रेमची (दोन उतारांच्या त्रिकोणी अडथळ्याची) उंची सगळ्यांना सारखीच, १.७० मीटर, डॉग वॉकही (उंच अरुंद पूल) तोच, बदलतात त्या जंप्सच्या उंच्या. पण खालचा रंगवलेला कॉन्टॅक्ट झोन ए-फ्रेमवर १०६ आणि डॉग वॉकवर ९० सेंटिमीटरचा असतो, मोठा कुत्रा तो पाय न टेकवता एका ढांगेत ओलांडून जातो आणि फॉल्ट घेतो, छोट्याची पावलं त्यात सहज पडतात. त्यामुळे छोट्यांना तिथे थांबायला शिकवून वेळ घालवण्यापेक्षा पळत उतरू द्यावं असं माझं मत. वीव्हचं (खांबांमधून नागमोडी पळायचं) तसंच, १२ पोल्स, ६० सेंटिमीटरवर, छोट्यांना अंगाला वळण द्यायला भरपूर जागा मिळते.

हँडलिंगमध्ये एकच सांगते, वाकू नका. तो खालून बघत असतो, त्याला तुमचे गुडघे आणि पायांची दिशा दिसते, डोक्यावरचा हात नाही. तुम्ही त्याच्यावर वाकलात की तो मागे सरतो. आणि छोटा आहे, हळू आहे म्हणून जंपजवळ थांबून वाट बघितलीत तर तो तुमच्या वेगाला येतो, म्हणजे थांबतो. तुम्ही पळत राहा.

उंचीचं म्हणाल तर कुठल्या संस्थेच्या ट्रायल्स करताय त्याने खूप फरक पडतो. एफसीआयमध्ये खांद्यापाशी ३५ सेंटिमीटरच्या आतले सगळे स्मॉल, आणि सगळ्यांना जंप २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे ३४ चा शेल्टी आणि २२ चा बिट्टू एकाच बारवर, त्याच्यासाठी बार खांद्याच्याही वर. एकेसीमध्ये (अमेरिकन केनेल क्लब) ११ इंचापर्यंतच्यांना ८ इंच, १४ पर्यंतच्यांना १२ इंच, आणि प्रिफर्ड क्लासमध्ये अजून ४ इंच कमी. तुमच्या भागात दोन्ही प्रकार असतील तर अगदी चिमुकल्यांसाठी कमी बारवाला क्लास निवडा, त्यात कमीपणा नाही. वयाची अट दोन्हीकडे आहे, एकेसी १५ महिने, एफसीआय १८. हा खेळ १९७८ मध्ये ब्रिटनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये घोड्यांच्या जंपिंगवरून सुरू झाला, पण छोट्यांनी यात मागे राहायचं काही कारण नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टमिन्स्टर डॉग शोची ॲजिलिटी चॅम्पियनशिप निंबल नावाच्या पॅपिलॉन-बॉर्डर कोली मिक्सने १२ इंच गटातून पळून जिंकली, सगळ्या मोठ्यांना मागे टाकून.

प्रवास. न्या, जरूर न्या, पण आदल्या दिवशी पोचा. गाडीत क्रेट मागच्या सीटला बेल्टने किंवा पट्ट्यांनी बांधलेला, पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर कधीच नाही. पार्क केलेल्या गाडीत अजिबात सोडू नका, बाहेर २४ अंश असेल तरी दहा मिनिटांत आत ३४ च्या आसपास होतं. विमानात छोट्यांचा फायदा म्हणजे केबिनमध्ये पायाशी नेता येतात, बऱ्याच एअरलाइन्सची मर्यादा बॅगेसकट ८ किलोच्या आसपास असते, काहींची कमी, आणि फ्लाइटमागे मोजकेच प्राणी घेतात म्हणून कुत्र्याची जागा आधी कन्फर्म करून मग तुमचं तिकीट. बॅगेत झोपायची सवय महिनाभर आधीपासून लावा. युरोपियन युनियनमध्ये जायचं तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, आणि पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबणं, हा क्रम उलटा झाला तर लस धरत नाहीत. फिनलंड, आयर्लंड, माल्टा, नॉर्वे आणि ब्रिटनला पोचण्याआधी २४ ते १२० तासांत टेपवर्मचं औषध व्हेटकडून नोंदवून घ्यावं लागतं, ट्रायलच्या गडबडीत हे हमखास राहतं.

हॉटेलच्या रूममध्ये गेल्यावर पहिलं काम, त्याला बेडवर चढू द्यायचं नाही, किंवा चढवलात तर उतरवायचंही तुम्हीच. ते उंच बेड आणि खाली गुळगुळीत फरशी, रात्री एकदा उडी मारली की सकाळी रन गेला. खाण्याचं असं की इतक्या छोट्या कुत्र्यांची साखर पटकन उतरते, उपाशी ठेवून पळवू नका, मुख्य जेवण आधी बराच वेळ, आणि रन्सच्या मध्ये थोडं थोडं. शू-शी रनच्या आधी करून घ्याच, रिंगमध्ये केली तर रन बाद. ओल्या गवतावर करत नसेल तर घरूनच पॅडची सवय लावा.

आणि एक तपासून घ्या. छोट्या जातींमध्ये गुडघ्याची वाटी सरकणं फार कॉमन आहे. पळता पळता मागचा एक पाय दोन-तीन पावलं वर उचलून परत नॉर्मल पळायला लागतो, असं कधी दिसलं असेल तर तो दिवस ट्रायल नाही, थेट व्हेट. सीसॉवर थांबणं दुखण्यामुळेही असू शकतं, म्हणून प्रॅक्टिस वाढवायच्या आधी गुडघे आणि पाठ दाखवून या. सगळं ठीक निघालं तर पुढच्या ट्रायलला फक्त जंपिंगची एंट्री भरा, त्यात सीसॉ नसतो, ए-फ्रेम नसते, दिवसाला एकच रन, आणि सीसॉचं काम घरी चालू ठेवा. तो टोकापर्यंत न थांबता जायला लागला, तेही दोन-तीन अनोळखी सीसॉंवर, की मग ॲजिलिटीची (सीसॉ, ए-फ्रेम असलेल्या कोर्सची) एंट्री.