तेल बंद करूनही ट्रायग्लिसराईड का उतरलं नाही?

तुम्ही लिहिलंय की वय ४१, राहणं नागपूरला, नोकरी बसून, वजन ६८ किलो पण पोट सुटलेलं. ट्रायग्लिसराईड २६० होतं. बायकोने तीन महिने बिनतेलाचा स्वयंपाक केला, तरी २४८. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल, ३४. आता घाणीचं फल्ली (शेंगदाणा) तेल आणावं, करडईचं आणावं, की तेल बंदच ठेवावं?

मी धंतोलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि असे रिपोर्ट घेऊन येणारे बरेच असतात. तेल सुरू करा, भाऊ. तुमच्या घरी सगळा आळ तेलावर आलाय.

ट्रायग्लिसराईड ही रक्तातली चरबी, म्हणून ती तेलातूनच आली असं वाटणं साहजिक आहे. पण रात्रभर उपाशी राहून तुम्ही रक्त देता, तोवर आदल्या जेवणातलं तेल रक्तातून जवळजवळ निघून गेलेलं असतं. मोजली जाते ती यकृताने बांधून रक्तात सोडलेली चरबी. पोटाभोवती चरबी साठली की इन्सुलिनला शरीर नीट जुमानत नाही, मग त्या साठ्यातून चरबी सुटून यकृताकडे जात राहते. वरून भात, पोळी, साखर गरजेपेक्षा जास्त झाली की त्याचीही चरबी यकृतच बनवतं. ट्रायग्लिसराईड वर आणि एचडीएल खाली, ही जोडी आपल्याकडे इतकी दिसते ती यामुळेच.

६८ किलो म्हणजे काही जाड नाही, असं तुम्हाला वाटत असेल. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. त्यामुळे वजनकाट्यापेक्षा कमरेचा टेप जास्त खरं सांगतो. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते तुम्ही ओघात लिहिलेलं वाक्य : "भाजी कोरडी लागते म्हणून रात्री भात जास्त होतो, आणि चहासोबत टोस्ट-खारी." तेल गेलं आणि त्याच्या जागी भात आणि मैदा आला. ट्रायग्लिसराईड उतरणार कसं? शिवाय खारीचा पापुद्रा बोटात चुरून बघा, हाताला मेणचट थर लागतो. बऱ्याच बेकऱ्यांत तो वनस्पती तुपाचा किंवा मार्गारिनचा असतो. अशा गोठवलेल्या तेलात ट्रान्स फॅट असू शकतं, आणि ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, वाढवतं आणि एचडीएल पाडतं. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात त्याची मर्यादा २ टक्के आहे, पण सुट्या मालावर लेबल नसतं, आत काय आहे ते तुम्हाला कळणार कसं? म्हणजे बिनतेलाच्या घरात सगळ्यात वाईट चरबी चहाच्या बशीतून आत येते.

नुसतं तेल-तूप कमी करून हृदय वाचतं का, हे अमेरिकेत सुमारे ४९ हजार स्त्रियांवर आठेक वर्षं तपासलं गेलं. २००६ मध्ये निकाल आला : हृदयविकारात लक्षणीय फरक नाही. उलट स्पेनमध्ये ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा भरपूर खाणाऱ्यांत हार्ट अटॅक, लकवा अशा घटना कमी दिसल्या. तो अभ्यास २०१३ चा, त्रुटी सुधारून २०१८ मध्ये पुन्हा छापला, निष्कर्ष तोच राहिला. चांगल्या चरबीला घाबरायचं कारण नाही.

आता कोणतं तेल. फल्ली, करडई, सोयाबीन, तिन्ही चालतात, आलटून पालटून घ्या. घाणीच्या तेलाला वास-चव असते, पण त्यातली चरबी रिफाइन्डपेक्षा वेगळी नसते, त्यामुळे ऐपतीबाहेर जाऊन आणू नका. माणशी रोज २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला साधारण साडेतीन लिटर. डबा उघडला की त्यावर तारीख टाका. वरण-भातावर चमचाभर तूप असू द्या, भात मात्र मुठीएवढा आणि वरण घट्ट.

आणि जवस! आपल्या नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे, आणि आपणच ते ताटातून काढून टाकलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं. शरीर त्यातलं थोडंच मासळीतल्या ओमेगा-३ मध्ये बदलू शकतं, तरी शाकाहारी घरात याहून स्वस्त सोय नाही. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, लसूण, तिखट, मीठ घालून कुटा. अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात, म्हणून कुटणं गरजेचं. रोज एक मोठा चमचा पुरे. चटणी थोडी थोडी करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, कारण हे तेल लवकर खवट होतं. म्हणूनच जवसाचं तेल तळायला नको.

तर्री पोहे सोडा असं मी सांगणार नाही. आठवड्यातून एकदा खा, चणे जास्त मागा, वरचा लाल तवंग कमी. जिथे कढईतलं तेल काळं आणि फेसाळ दिसतं तिथली भजी-समोसे मात्र टाळा. वारंवार तापलेल्या तेलातल्या घातक संयुगांसाठी २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती उगाच नाही.

दारू घेत असाल तर ती बंद, कारण ट्रायग्लिसराईड तिच्याने फार चटकन चढतं. रोज जेवणानंतर अर्धा तास चाला. सहा ते आठ आठवड्यांनी दहा-बारा तास उपाशी राहून पुन्हा तपासा, सोबत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि थायरॉईडही करून घ्या. आकडा ५०० च्या वर गेला तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा आहाराच्या भरवशावर थांबू नका, थेट डॉक्टरांकडे जा.