एकाच डेटाबेसमध्ये दोघांची टेबलं आहेत, फक्त माझ्या टेबलांचा बॅकअप कसा घेऊ?

तुम्ही लिहिलंय की पिंपळगावला तुमचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे, लासलगावला भावाचं कांद्याचं खळं आहे आणि दोन्हीकडचा हिशेब होस्टिंगवरच्या एकाच मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आहे. तुमची टेबलं 'जीआर_' ने सुरू होतात आणि तेवढ्यांचाच रोज रात्री बॅकअप हवाय. नाशिकमध्ये अशाच छोट्या धंद्यांचे डेटाबेस मी सांभाळतो, म्हणून सांगतो.

कमांड अवघड नाही. बॅकअपची फाइल (डम्प) काढणाऱ्या मायएसक्यूएलडम्पला आधी डेटाबेसचं नाव द्यायचं, मग एकेक जागा सोडून टेबलांची नावं. पण 'जीआर'पुढे स्टार टाकून भागत नाही, सगळी नावं लिहावी लागतात. म्हणून लोक इन्फर्मेशन स्कीमातून (सगळ्या टेबलांची नोंद तिथे असते) 'लाइक' ही नावं जुळवणारी अट लावून यादी काढतात, आणि खरी गोम तिथेच आहे. 'लाइक'मध्ये अंडरस्कोअरचा अर्थ 'कुठलंही एक अक्षर' असा होतो. भावाच्या आवकेची टेबलं 'जीआरएन_' ने सुरू होत असतील (मालाच्या आवकेला बहुतेक जण हेच नाव देतात), तर रोमन लिपीतलं ते एक 'एन' त्या अंडरस्कोअरच्या जागी फिट्ट बसतं आणि ती टेबलंही गुपचूप तुमच्या यादीत येतात.

बॅकअप घेताना याने काही बिघडत नाही. डम्पच्या फाइलमध्ये मात्र प्रत्येक टेबलाआधी 'ड्रॉप टेबल', म्हणजे 'आधीचं टेबल काढून टाक', हे आपोआप लिहिलेलं असतं. उद्या तुम्ही चार दिवसांपूर्वीची फाइल रिस्टोअर केलीत, की भावाची चार दिवसांची आवकही उडाली. मग दिवाळीला एकत्र जेवायचं कसं? अंडरस्कोअरच्या आधी बॅकस्लॅश द्या, आणि यादी एकदा डोळ्यांखालून घालाच.

याच्या उलटही होतं. शेतकऱ्यांची नावं, बँक खाती असलेलं टेबल दोघांत सामाईक असेल तर त्याला 'जीआर_' लागलेलं नसणार, म्हणजे ते बॅकअपमधून सुटणार. डम्पची फाइल फॉरेन कीची (एका टेबलातल्या नोंदीचा दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी असलेल्या दुव्याची) तपासणी तात्पुरती बंद करते, त्यामुळे रिकाम्या डेटाबेसवर रिस्टोअर करताना एरर येत नाही. बिलं दिसतात, पण कोणाची ते कळत नाही. असली सामाईक टेबलं वेगळ्या फाइलमध्ये घ्या. चालू डेटाबेसवर ती फाइल सरळ चढवू नका, भावाने मध्ये जोडलेले शेतकरी जातील.

टेबलं इनोडीबी (मायएसक्यूएलमधला टेबलांचा एक प्रकार) असतील तर 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय लावा. नाहीतर डम्प चालू असेपर्यंत ती टेबलं लॉक होतात आणि सीझनमध्ये रात्री उशिरा गाड्या भरताना नोंदी अडकतात. सामाईक होस्टिंगवर 'प्रोसेस'ची परवानगी नाही असा एरर आला (मायएसक्यूएलच्या 5.7.31 आणि 8.0.21 या आवृत्त्यांपासून येतो), तर 'नो टेबलस्पेसेस' जोडा. पासवर्ड कमांडमध्ये लिहू नका, वेगळ्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवा. आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) फाइलच्या नावात तारीख घालणार असाल तर टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश लागतोच. क्रॉन त्या चिन्हाला नवी ओळ समजतो आणि तुमची कमांड तिथेच तुटते.